सातबारा जिवंत झाला, जमीन अडकलेलीच राहिली : महसूलमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सामाईक शेतजमीन कसण्यास देणे, तिचे वाटप करून घेणे व तिच्यातून बाहेर पडणे सहधारकांना परवडेल असे करण्याबाबत

महोदय,

दक्षिण कोकणातल्या एका गावात असलेल्या २ हेक्टर १६ आर वरकस (हलक्या, उताराच्या) जमिनीत माझा छत्तिसावा हिस्सा आहे. हिशेबाने माझ्या वाट्याला ६ आर, म्हणजे साधारण सहा गुंठे येतात. ते सहा गुंठे नेमके कोठे आहेत हे मात्र मला, माझ्या भावांना किंवा गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना सांगता येणार नाही, कारण ते कागदावरही वेगळे पडलेले नाहीत आणि जमिनीवरही. मी तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि निवृत्त झाल्यावर गावच्या घरी राहायला आले. हे पत्र मी सहधारक म्हणून लिहीत आहे; मध्येच शिक्षिकेची सवय डोकावली तर क्षमा असावी.

गेल्या मार्चमध्ये आमच्या या जमिनीत वणवा लागला. तेथे चार वर्षे गवत कापलेले नव्हते. कापायचे कोणी आणि त्याचे पैसे द्यायचे कोणी, हे ठरत नव्हते. दुपारच्या वाऱ्यावर आग गडगा (दगडी कुंपण) ओलांडून शेजाऱ्याच्या बागेत गेली आणि वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ जातींची तिसऱ्या वर्षातली अडतीस काजूकलमे तासाभरात करपली. हाच शेजारी त्याआधीच्या डिसेंबरात माझ्याकडे येऊन गेला होता. तुमचे रान मी साफ करतो, कलमे लावतो, वर्षाला बारा हजार रुपये देतो, फक्त दहा वर्षांसाठी लिहून द्या, असे त्याचे म्हणणे होते. त्याला जमीन हवी होती आणि आम्हाला ती पडीक ठेवण्यात काडीचाही लाभ नव्हता. करार झाला असता तर आमचे रान साफ राहिले असते, त्याची कलमे वाचली असती आणि घरोघरी थोडेफार पैसे पोचले असते. तो झाला नाही, कारण लिहून द्यायला सत्तेचाळीस माणसे लागत होती.

रेल्वे इंजिनाच्या ठिणगीने रुळाशेजारचे शेत जळते तेव्हा नुकसान कोणी सोसायचे, हे अर्थशास्त्रातले जुने उदाहरण आहे. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली त्याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि वाटाघाटीला काहीच खर्च येत नसेल, तर हक्क कोणाच्याही पदरात असला तरी दोन्ही पक्ष घासाघीस करून जमिनीचा सर्वांत फायदेशीर वापर शोधून काढतील, प्रत्यक्षात मात्र माणूस शोधायला, बोलणी करायला, लिहून घ्यायला आणि लिहिलेले पाळले जाते की नाही ते पाहायला खर्च येतो, आणि तो खर्च व्यवहारातून मिळणाऱ्या लाभापेक्षा मोठा झाला की सर्वांच्या हिताचा व्यवहारसुद्धा होत नाही. या विचारासाठी त्यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्यवहार घडवून आणण्याचा हा खर्च म्हणजेच व्यवहार-खर्च. आमच्या जमिनीपुरता तो किती, हे मी वही घेऊन मांडून पाहिले.

सत्तेचाळीस सहधारकांपैकी माझ्यासह चौदा जण गावात व तालुक्यात, एकोणीस मुंबई-ठाण्याकडे, आठ पुण्यात, तीन बडोद्यात आणि दोघे परदेशात आहेत. एकाचा १९९१ पासून पत्ता नाही. गाडीभाडे, बुडालेल्या रजा, कुलमुखत्यारपत्रे, परदेशातल्या दोघांसाठी वकिलातीतले साक्षांकन, वकिलाची फी आणि बेपत्ता चुलतभावासाठी न्यायालयात करावी लागणारी खटपट धरून आकडा पंच्याऐंशी हजारांच्या खाली येईना. तोही सर्वांचे एकमत आहे असे गृहीत धरून. शेजाऱ्याचे बारा हजार सत्तेचाळीस जणांत वाटले तर माणशी वर्षाला २५५ रुपये पडतात. २५५ रुपयांसाठी विरारहून रजा काढून सहीला येणारा माणूस मला तरी ठाऊक नाही, आणि जो येत नाही त्याला मी दोषही देणार नाही.

आता तक्रारींकडे येते.

पहिली तक्रार आपल्या खात्याच्या एका चांगल्या कामाबद्दलच आहे. २०२५ साली आपण ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली आणि मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यास सुरुवात केली. आमच्या सातबाऱ्यावर तोवर नऊ नावे होती. त्यांपैकी आठ जण हयात नव्हते, एका नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असा शेरा होता, आणि ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर माझ्या जन्माआधीच वारले होते. मोहिमेनंतर त्या नऊ नावांची सत्तेचाळीस झाली. नोंद खरी झाली, हे मी मान्य करते. परंतु प्रत्येक नवे नाव म्हणजे एक नवा नकाराधिकारही असतो. नाव लावण्याची मोहीम घेतली, पण लागलेल्या नावांना एकमेकांपासून मोकळे होण्याची वाट दिली नाही. कायद्याचे अभ्यासक मायकेल हेलर यांनी १९९८ साली मॉस्कोतल्या दुकानांविषयी असेच निरीक्षण मांडले होते : पदपथावरच्या टपऱ्या मालाने भरलेल्या आणि त्यांच्या मागची पक्की दुकाने रिकामी, कारण एकेका दुकानावर इतक्या जणांचे निरनिराळे हक्क होते की कोणीही दुसऱ्याला अडवू शकत होता. कोकणातल्या पडीक वरकस जमिनींकडे पाहताना मला ती दुकाने आठवतात. मालकच नसलेले कुरण सारे मिळून ओरबाडतात. फार मालक असलेली जमीन कोणीच कसत नाही.

दुसरी तक्रार अशी की, शासन खर्च म्हणजे फी असे धरून चालते. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ केली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या मिळतो. या दोन्ही गोष्टींसाठी मी आभारी आहे, पण माझ्या वहीतल्या पंच्याऐंशी हजारांत नोंदणी फीचा रकाना सर्वांत लहान होता. मोठा खर्च होतो तो माणसे गोळा करण्यात, त्यांच्या संशयांना उत्तरे देण्यात आणि एखाद्याने शेवटच्या क्षणी हात आखडता घेतला की सगळे पुन्हा पहिल्यापासून करण्यात. शेहेचाळीस सह्या झाल्यावर सत्तेचाळिसाव्या सहीची किंमत काय होते, हे गावातल्या कोणत्याही दलालाला विचारावे. भाऊबंदांतला एखादा रागावलेला हिस्सेदार गाठून त्याचा अविभक्त हिस्सा स्वस्तात घ्यायचा आणि मग बाकीच्यांना दाव्याची भीती घालायची, हा आमच्या भागातला चालू धंदा आहे. व्यवहार-खर्च मोठा असतो तेथे तो सोसण्याची ज्याची ताकद असते, त्याच्या हाती जमीन जाते, मग तिचा उत्तम वापर त्याला करता येवो अथवा न येवो.

तिसरी तक्रार कार्यालयातल्या अनुभवाची आहे. कार्यालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. वारस नोंद करताना माझ्या आत्याचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव अशी दोन नावे दोन वेगळ्या बायका म्हणून सातबाऱ्यावर चढली. आत्या एकच, वय एक्क्याऐंशी, आणि तिचा हिस्साही एकच. परंतु फेरफार प्रमाणित झालेला होता, त्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक कागदावर या दुसऱ्या, अस्तित्वातच नसलेल्या बाईची सही मागितली जाऊ लागली. महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अर्ज दिला. लग्नाचा दाखला तिच्या काळात कोणी काढत नसे, म्हणून प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांचा दाखला, दोन पंचांचे जबाब, पुन्हा प्रतिज्ञापत्र असे करत चौदा महिने गेले. एकदा सुनावणीला आत्याला रिक्षातून नेले, तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. घरी परतताना ती म्हणाली, “मी एकटीच आहे, हे मलाच सिद्ध करायला लावतात.” अखेर दुरुस्ती झाली, कोणी पैसे मागितले नाहीत, हेही नमूद करते. भ्रष्टाचार नसतानासुद्धा चौदा महिने लागले, हीच माझी तक्रार आहे.

आणि इतके सोसून हाती काय येते? सातबारा जन्माला आला तो शेतसारा कोणाकडून वसूल करायचा हे कळावे म्हणून. संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, यापलीकडे तिला वजन नाही. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही किंवा जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानेही दस्त नोंदला जातो, मालकीची हमी मिळत नाही. म्हणून घेणारा पुन्हा वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घेतो, आणि त्याचा खर्च शेवटी जमिनीच्या किमतीतूनच वजा होतो.

चौथी तक्रार वाटपाची. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे सहधारकांना वाटपासाठी अर्ज करता येतो, पण कोणी मालकीचा प्रश्न उपस्थित केला की तो दिवाणी न्यायालयात सुटेपर्यंत वाटप थांबते. दिवाणी न्यायालयाने वाटपाचा हुकूमनामा दिला तर साऱ्याच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप करण्यासाठी तो पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. म्हणजे महसूल खाते न्यायालयाकडे बोट दाखवते आणि न्यायालय महसूल खात्याकडे, तेही कायद्यानेच. त्यात ठरावीक (प्रमाणभूत) क्षेत्राहून लहान तुकडे पाडू न देणारा १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. २०२३ मध्ये शासनाने प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० व बागायतीसाठी १० गुंठ्यांवर आणले, तरी माझे सहा गुंठे दोन्ही हिशेबांनी तुकडाच ठरतात. याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूद आहे : ज्याचा हिस्सा दिल्याने तुकडा पडेल त्याला जमिनीऐवजी पैशात मोबदला द्यावा, आणि जमीन कोणी व मोबदला कोणी घ्यायचा यावर एकमत न झाल्यास चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आमच्या पंचक्रोशीत ही तरतूद वापरलेली मी पाहिलेली नाही. शिवाय चिठ्ठी आंधळी असते. ज्याला काजू लावायचे आहेत त्याच्याऐवजी ज्याला पंधरा वर्षांत गावाचे तोंड पाहायचे नाही त्याच्या नावाची चिठ्ठी निघाली, तर जमीन एका नावावर येऊनही पडीकच राहील. हिस्सेदारांत आपसात बोली झाली तर ज्याला जमिनीची खरी गरज आहे तो जास्त देईल आणि बाकीचे पैसे घेऊन मोकळे होतील.

ही काही माझी कल्पनेची भरारी नाही. आमच्या गावाहून दोन तासांवर गोव्याची हद्द लागते. तेथे पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेली, आणि आता २०१२ च्या कायद्यात घातलेली, वारसा मालमत्तेच्या वाटपाची इन्व्हेंटरी पद्धत आहे. तिच्यात मालमत्तेची यादी होते, मूल्यांकन होते आणि वारस एखाद्या मालमत्तेसाठी आपसात बोली लावू शकतात. तीही वेळ खाते, हे गोव्यातल्या माझ्या मैत्रिणी सांगतात. आपल्याकडेही १८९३ च्या विभाजन कायद्याने निम्म्या किंवा त्याहून अधिक हिश्शाच्या धारकांनी मागणी केली तर वाटपाऐवजी विक्रीचा हुकूम देण्याची मुभा न्यायालयाला आहे, आणि उरलेल्यांना मूल्यांकनाच्या किमतीने तो हिस्सा घेण्याची संधीही आहे. ‘सर्वांची संमती’ हा काही अनादि नियम नाही, एवढेच मला दाखवायचे आहे. फक्त त्या कायद्याचा लाभ घ्यायला दिवाणी दावा लावावा लागतो, आणि सहा गुंठ्यांसाठी दावा लावणारा माणूस तो निकाली निघण्याआधी स्वतःच कोणाची तरी वारस नोंद होऊन बसतो.

पाचवी तक्रार भाडेपट्ट्याची. आमच्या भागात जमीन लेखी कसायला देणे म्हणजे कूळ लावून घेणे आणि पुढे जमीनच गमावणे, ही भीती अजून गेलेली नाही. १९४८ च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कुळे कायद्याने मालक मानली गेली त्या १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कित्येक घरे उभी राहिली. पण आज परिस्थिती अशी आहे की जमीन तोंडी दिली जाते, दरवर्षी माणूस बदलला जातो, आणि कसणाऱ्याच्या हाती कागद नसल्याने त्याला पीककर्ज व विमा मिळत नाही. दहा वर्षांनी फळ देणारे झाड लावायला तर कोणी धजावतच नाही. नीती आयोगाने २०१६ साली शेतजमीन भाडेपट्ट्याचा नमुना कायदा सुचवला होता : मालकाची मालकी अबाधित, कसणाऱ्याला मुदतीपुरते संरक्षण आणि कर्जासाठी कागद. तसा कायदा असता तर माझा शेजारी किमान अर्ध्या वाटेपर्यंत आला असता.

येथे एक कबुली द्यायला हवी. या सत्तेचाळीस जणांत अडवणूक करणारी मीही आहे, असे माझे भाऊबंद म्हणतात आणि ते अगदी खोटे नाही. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. त्यानंतर दोन वर्षांनी माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवण्यात आले. साडीचोळी मिळेल, असेही सांगण्यात आले. मी सही केली नाही आणि आजही करणार नाही. म्हणून माझी मागणी हक्क कमी करण्याची नाही. बाईचा, परगावच्या माणसाचा, गरीब भावाचा हिस्सा बहुमताच्या नावाखाली गिळला जाऊ नये, हे मला इतर कोणाहून अधिक कळते. चाकरमान्याला गावात आपले म्हणून काहीतरी असावे असे वाटते, हेही मी थट्टेवारी नेणार नाही. मात्र त्या वाटण्याची किंमत त्याने स्वतः मोजावी, गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याने त्याच्या कलमांनी मोजू नये.

शासनाला हा विचार परका नाही, हे ‘सलोखा’ योजनेवरून दिसते. जानेवारी २०२३ पासून, एकाच्या नावची जमीन दुसऱ्याच्या आणि दुसऱ्याच्या नावची पहिल्याच्या ताब्यात किमान बारा वर्षे असेल, तर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क व एक हजार रुपये नोंदणी फी भरून करता येतो. पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे खर्चापायी मिटत नाहीत, हे ओळखून काढलेली ही योजना आहे. आमच्यासारख्यांना मात्र तिच्यात जागा नाही. पणजोबांच्या तीन मुलांनी पन्नास वर्षांपूर्वी तोंडी वाटणी केली, गडगे घातले, तिन्ही घरे आपापल्या गडग्याआड राहतात, आणि कागद मात्र अजून एकच आहे.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत.

एक, सामाईक जमिनीतील निम्म्याहून अधिक हिश्शाच्या धारकांना ती जमीन नोंदणीकृत पट्ट्याने कमाल दहा वर्षांसाठी कसण्यास देता यावी. गैरहजर वा असहमत धारकांचा भाड्यातील वाटा त्यांच्या नावे खात्यात जमा व्हावा आणि अशा पट्ट्यातून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, हे कायद्यातच लिहावे.

दोन, कलम ८५ खालच्या अर्जाचा निकाल १८० दिवसांत लागावा. नोटीस पोचूनही जो बोलत नाही त्याचे मौन हा नकार मानू नये. ही नोटीस केवळ चावडीवर न चिकटवता टपालाने व मोबाइलवरही जावी, कारण ज्यांना ती हवी आहे ते चावडीपासून पाचशे किलोमीटरवर राहतात.

तीन, तुकडा पडत असेल तेथे चिठ्ठ्यांऐवजी हिस्सेदारांत आपसात बोली व्हावी आणि तिचा तळ वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनरच्या) दराखाली नसावा. गावात राहून कसणाऱ्याला रक्कम हप्त्यांनी भरण्याची सवलत असावी. नाहीतर दर वेळी मुंबईचा पगारदारच बोली जिंकेल. घरवाडी आणि देवस्थानाची जागा यातून वगळावी.

चार, ‘सलोखा’चा लाभ बारा वर्षांहून जुन्या तोंडी वाटणीला मिळावा.

पाच, कलम ८५ व कलम १५५ खालचे किती अर्ज किती महिने पडून आहेत, याचे तालुकावार आकडे खात्याने दर तिमाहीला प्रसिद्ध करावेत.

या वर्षी वणवा पुन्हा शेजाऱ्याच्या बागेत जाऊ नये म्हणून मी नोव्हेंबरात गडी लावून गडग्यालगतचे गवत कापून घेतले आणि सहा हातांचा पट्टा साफ करवला. त्याला ९,००० रुपये खर्च आला. पावती सोबत जोडली आहे. माझा वाटा सोडून उरलेली रक्कम शेहेचाळीस सहधारकांकडून माणशी सुमारे १९१ रुपयांप्रमाणे वसूल करण्याचा असा मार्ग, ज्याचा खर्च १९१ रुपयांहून कमी असेल, आपल्या खात्याने मला लेखी कळवावा, ही विनंती.

आपली,
सर्व्हे नंबरातील सत्तेचाळिसांपैकी एक सहधारक